संध्याकाळचा चार्ज

त्या दिवशी सकाळी भिलाईत धुकं असं उतरलं होतं, की समोर कडुनिंब उभा आहे की कोणी माणूस, हे कळायला दोनदा पाहावं लागे. धुक्यात पोलादाच्या प्लांटचा धूर मिसळला की त्याला पिवळट रंग येतो आणि जिभेवर लोखंडाची चव बसते. अशा धुक्यात शालिकरामचा मुलगा मोहित, सून रेणू आणि नात नीतू टॅक्सीत बसले. टॅक्सी वीस पावलं गेली आणि कोणी ओल्या फडक्यानं पुसून टाकावी तशी नाहीशी झाली. मागे हॉर्न तेवढा ऐकू आला. तोही थोडा वेळ.

मोहितला हैदराबादच्या कंपनीत कॉम्प्युटरचं मोठं काम लागलं होतं. सामानाचा ट्रक आदल्याच दिवशी गेला. बापानंही सोबत जायचं, असं ठरलं होतं. पण शालिकरामनं हळूच, फार आवाज न करता, एक महिना मागून घेतला.

"महिनाभर एकटा राहून पाहातो. जमलं तर इथंच राहीन."

"ठीक है बाबा," मोहित म्हणाला. "पण काही गडबड दिसली, विसरायला लागले, तर मी येऊन घेऊन जाईन. घर बंद. मग कुछ नहीं सुनूँगा."

शालिकरामला ते घर सोडायचं नव्हतं. त्याची बायको मनकर्णा दोन वर्षांमागे त्याच घराच्या मधल्या खोलीत वारली होती. कारण एवढंच. तेही त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

आता खरी चूक कुठं झाली ते सांगतो. निघायच्या आधी दोन दिवस मोहित स्टुलावर चढून छताला आणि बटणांच्या मागे काहीतरी बसवत होता. खाली उभ्या बापाला हिंदी, इंग्रजी आणि मराठीची खिचडी करून समजावत होता. शेवटी म्हणाला, "समझे ना बाबा?" शालिकरामला एक अक्षर कळलं नव्हतं. पण नाही कळलं म्हणावं, तर पहिलीच गडबड तिथंच पकडली जायची! म्हणून तो म्हणाला, "समजलं." (प्लांटच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, चाळीस वर्षं साहेबांना त्यानं हेच उत्तर दिलं होतं आणि एकदाही नुकसान झालं नव्हतं.)

पहिल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात चहा गाळत होता. मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि दिवा लागला. बटणाला कोणाचा हात लागला नव्हता. तो कप घेऊन तसाच उभा राहिला. मग हळूच मागे सरला. थोड्या वेळानं दिवा विझला. परत पाऊल टाकलं. परत लागला.

घड्याळात सहा वाजत होते. दिवेलागणीची वेळ. मनकर्णा जिवंत होती तेव्हा याच वेळेला या खोलीतला दिवा लावायची, आणि शालिकराम खोलीबाहेर गेला की "बिल काय तुमचा बाप भरते का?" म्हणून विझवायची.

शालिकरामच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण पळून जाणार कुठं? आणि सांगणार कोणाला? मोहितला फोन करून "तुझी आई दिवे लावून राहिली" म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी हैदराबाद. शेजारी देवीदास होता, रेल्वेतून रिटायर झालेला, बायको कलावतीसोबत राहणारा. दोन्ही क्वार्टरांच्या मध्ये एकच भिंत. पण त्यांचं बोलणं ते केवढं! शालिकराम "राम राम" म्हणे, देवीदास "जय भीम" म्हणे, की दोघांचं त्या दिवसाचं बोलणं संपे.

मग त्यानं तेच केलं, जे त्याला येत होतं. कोक ओव्हनवर एक नियम असतो. भट्टी कधी थंड होऊ द्यायची नाही, आणि पुढच्या पाळीच्या माणसाला काय झालं, काय राहिलं याचा चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. दुपारच्या पाळीला निघताना शालिकराम मनकर्णालाही घराचा असाच चार्ज देऊन जायचा. भिंतीवर तिचा फोटो होता. त्याच्याकडे तोंड करून तो ताठ उभा राहिला.

"ऐकलं का?" तो मोठ्यानं म्हणाला. (बायकोचं नाव त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. आता ती मेल्यावर घेऊन तिला कशाला लाजवायचं?) "टाकी भरली आहे. मागचा नळाचा कॉक बंद कराचा राहिला, गुडघा दुखून राहिला माझा. गेटाची कडीबी राहिली."

खोलीत काही हललं नाही. मग फोटोच्या मागून, खोलातून, आवाज आला.

"हूं."

शालिकराम मटकन खाली बसला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चार्ज घेताना मनकर्णानं एवढंच उत्तर दिलं होतं. आवाज जरा घोगरा वाटला. पण तिकडं थंडीही असेल, दोन वर्षांत गळा बसतच असेल.

सकाळी त्यानं परसात जाऊन पाहिलं. कॉक बंद. पुढं येऊन पाहिलं. गेटाला कडी.

त्या दिवसापासून रोज सहाला चार्ज सुरू झाला. शालिकराम खुर्ची भिंतीजवळ ओढी, शेजारी दुसरा चहा ठेवी. आधी टाकी आणि कॉक. मग गुडघा. मग नीतूच्या शाळेची काळजी. आणि काही दिवसांनी तर जे जिवंतपणी बोलायला जमलं नव्हतं, तेही. "आजारपणात मी डब्बल ड्यूटी कराले नोती पाहिजे," असं एकदा तो मनकर्णाच्या दुखण्याबद्दल म्हणाला. त्या दिवशी भिंतीनं फार वेळ घेतला. मग अगदी हळू, "हूं."

तिसऱ्या रविवारी मोहितचा फोन आला.

"बाबा, शाम को किससे बात करते हो?"

"मी? कोणाशीच नाही."

"आणि दोन कप चहा?"

शालिकरामनं फोन कानाला तसाच धरून मागं वळून पाहिलं. खोली रिकामी होती. "तुले कसं मालूम?"

"मला सगळं मालूम पडतं," मोहित म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

शालिकरामनं खिडकीबाहेर डोकावून पाहिलं, कोणी नव्हतं. पण विचार केल्यावर उलगडा झाला. मनकर्णाच पोराला सांगते! जिवंतपणीही तिची हीच खोड होती. त्या संध्याकाळी त्यानं भिंतीला स्पष्ट सुनावलं, "ऐकलं का? घरातली गोष्ट पोराले सांगाचं काम नोतं. तो मले घेऊन जाईन. मंग मी चार्ज कोणाले देऊ?"

भिंत त्या दिवशी गप्पच राहिली.

मुदत संपायला चार दिवस होते, तेव्हा दुपारी मोहित स्वतःच दारात उभा. हातात रिकामी सूटकेस.

"चला बाबा. दोन तिकिटं काढली आहेत, रात की गाड़ी है, दुर्ग स्टेशनवरून."

"कावून?"

"कावून काय बाबा! रोज भिंतीशी बोलता, भिंतीला चहा पाजता." त्यानं छताकडं बोट दाखवलं. तिथल्या पांढऱ्या वाटीसारख्या वस्तूत एक बारीक लाल ठिपका मिणमिणत होता. "तो कॅमेरा आहे. तुम्ही पडलात-बिडलात तर मला दिसावं म्हणून. आणि माणूस खोलीत आला की दिवा आपोआप लागतो. मी सगळं समजावलं होतं. तुम्ही 'समजलं' म्हणाले होते!"

शालिकराम त्या लाल ठिपक्याकडं पाहत राहिला. म्हणजे दिवा मनकर्णाचा नव्हता. त्याला लाज वाटली नाही, आधी वाईट वाटलं.

"अन् हूं?"

"कौन सा हूं?"

"ती हूं म्हणते ना."

मोहितचा चेहरा उतरला. "बाबा, त्यात आवाज येतो. मी रोज ऐकतो. तुमच्याशिवाय दुसरा कोणताच आवाज नाही."

"मंग कॉक कोण बंद करते? कडी कोण लावते?"

मोहितनं कपाट उघडलं. तो आजारी माणसाकडं पाहावं तसं बापाकडं पाहत राहिला आणि त्याची धोतरं घडी करून सूटकेसमध्ये ठेवू लागला. शालिकराम एकेक धोतर त्याच्या हाती देऊ लागला. आता बोलणं म्हणजे पुरावाच देणं.

सहा वाजले. बाहेर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं. सूटकेस बंद झाली.

"चार्ज न देता मी जागा सोडत नाही," शालिकराम म्हणाला. मोहित डोळे पुसत बाजूला झाला. म्हातारा भिंतीसमोर उभा राहिला. "ऐकलं का? मी हैदराबादले चाललो. टाकी अर्धी आहे. परत येईन का, नाही सांगता येत."

भिंत गप्प.

मग परसात पाला चुरचुरला. पावलं वाजली. सावकाश, एकेक, मागच्या दाराशी आली. दारावर दोन थापा पडल्या. कॉम्प्युटरच्या मोठ्या कामावरच्या मोहितनं बापाचा दंड घट्ट धरला.

दार ढकलून देवीदास आत आला. डोक्याला मफलर, हातात टॉर्च.

"असे कसे चालले, शालिकभाऊ?" तो जरा रागातच म्हणाला. "महिना झाला, मी पलीकडून चार्ज घेऊन राहिलो, अन् आज एकदम जागा सोडता?"

"तुमी?" शालिकरामच्या तोंडून हवाच बाहेर पडली.

"मंग कोण? रोज सहाले भिंतीतून हाक येते, 'ऐकलं का?' मी म्हटलं, एकटा माणूस आहे, तोंडावर मदत मागाले लाजते. मी भिंतीले टेकून बसलो राहातो, हूं म्हणतो, अन् मंग टॉर्च घेऊन परसाची भिंत ओलांडून कॉक बंद करतो, गेटाले कडी लावतो. चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनवर काढली मी. कोणी चार्ज दिला तर घ्याच लागते."

"काका, तो हूं आप थे?" मोहितनं विचारलं. "मुझे तो कभी सुनाई नहीं दिया."

"भिंतीच्या पलीकडचं तुझ्या डब्बीले काय ऐकू येईन? त्याले कान पाहिजे."

मोहित सूटकेसवरच बसला. आधी त्याचे खांदे हलले, तेव्हा शालिकरामला वाटलं पोरगा रडतो आहे. पण तो हसत होता. डोळे पुसत त्यानं मोबाईल काढला, अंगठ्यानं बराच वेळ काही केलं आणि म्हणाला, "एक तिकीट कॅन्सल केलं. एकच."

शालिकरामनं फोटोकडं पाहिलं. पाहावेना म्हणून खाली पाहिलं. देवीदास जायला वळला, तेव्हा तो त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला आणि पोराला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "देवीदासभाऊ... मी बाकीचंही बोललो काही. घरचं. मनातलं. तेबी ऐकलं का?"

देवीदासनं मफलर नीट केला.

"ऐकलं ना. कलावतीनंबी ऐकलं. ऐकून दोन दिवस रडली बिचारी. आता म्हणते, भाऊजीले सांगा, जे काय सांगाचं ते सहाच्या आधी सांगून मोकळे व्हा, सहाले माझी मालिका लागते."