तिसऱ्यांदा विचारलं तर

करमरकर काकांनी पहिल्या विचारण्याला कधी 'हो' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. चहा असो, जेवण असो, भर पावसात गाडीतून सोडायचं असो. पहिलं उत्तर, "छे छे, कशाला उगाच!" दुसरं, "अहो, आत्ताच झालं." तिसऱ्यांदा विचारलं की मग, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर..."

पुण्यात हे खपत होतं. मुलाकडे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या टाकानिनीला राहायला आल्यावर मात्र काकांचे हाल सुरू झाले. इथे 'नो' म्हटलं की समोरचा "स्वीट ॲज", म्हणजे 'ठीक आहे', म्हणतो आणि ताटली पुढे नेतो. कोपऱ्यावरच्या गोऱ्या कुटुंबाच्या बार्बेक्यूला काका दोन तास हसतमुखाने उभे राहिले आणि उपाशी परत आले. "माणसं चांगली आहेत हो, पण आग्रहाचं वळण नाही," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या शेजारच्याच घरात राहतो. मीही एकदाच विचारायचो. नकार आला की कप विसळायचं वाचायचं.

परवा शहरात व्हायकिंगांच्या जुन्या नगराचं फिरतं म्युझियम आलं. बटणं दाबा, चिलखत चढवा, वास घ्या, असा सगळा थाट. मी तिकिटं आधीच काढून टाकली, त्यामुळे विचारायचा प्रश्न उरला नाही. चिलखताला काका "नको" म्हणाले. तिथल्या मुलीने "नो वरीज" म्हणत ते दुसऱ्याच्या अंगावर चढवलं. काका त्याच्याकडे बघत राहिले.

पुढे एका झोपडीत चुलीपाशी व्हायकिंग बाईचा पुतळा होता. बटण दाबलं की ती इंग्रजीत म्हणायची, "या, आत या! भूक लागली असेल. बसा, चार घास खा."

"नो, नो, जस्ट हॅड," काका पुतळ्याला म्हणाले.

बाई गप्प झाली. काकांनी पुन्हा बटण दाबलं. तिने पुन्हा बोलावलं. "व्हाय ट्रबल?" काका म्हणाले. मागे पोरांची रांग चुळबुळायला लागली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, बाईचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढली आणि चुलीसमोरच्या बाकावर बसले. "ओके. सिन्स यू इन्सिस्ट."

मी त्यांना उठवायला गेलो.

"आमची ही गेल्यापासून," ते हळूच म्हणाले, "तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं."

मला माझीच लाज वाटली.

घरी पोचल्यावर माझ्या दारात विचारलं, "काका, चहा?"

"छे छे, कशाला उगाच!"

"घ्या हो, आलं घालून करतो."

"अहो, आत्ताच झालं."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोवर काका उंबऱ्यापाशी वाकून बुटाची नाडी सोडत होते.