गुलाबरावांचा बूच

आमचे बांधशेजारी गुलाबरावकाका झाड बघायला निघाले, की मुलगी बघायला निघाल्यागत धुतलेली टोपी घालत. झाडापाशी पोचले की चपला काढून खाली अनवाणी फिरत, मग भर दुपारी बुंध्याशी मांडी ठोकत. कुणी हसलं तर शांतपणे म्हणत, “बसून पाह्यलं पायजे.”

तेव्हा आमच्या बीबी गावात बीटी कापसाचं वारं शिरलं होतं. सावलीत कापूस दबतो म्हणून आम्ही बांधावरची झाडं तोडत होतो, आणि हे गृहस्थ शेतात नवीन लावायला निघालेले. वर अटी किती! झाड चिवट हवं, काटा नको, फळ तर मुळीच नको. बाभूळ तळपायांनीच नापास केली. लिंबाला निंबोळ्या, चिंचेवर पोरांचे दगड. हिवरा आश्रमापर्यंत पायपीट झाली, पण पसंती काही होईना.

शेवटी बुलढाण्यात एका जुन्या बंगल्याच्या आवारात त्यांना बूच भेटला. उंच, पांढऱ्या सुवासिक फुलांचा. आपल्याकडे त्याला फळ सहसा धरत नाही, मुळांतून रोपं फुटतात. काका त्याच्याखाली इतका वेळ बसले की शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी एक रोप मांडीवर घेऊन आले.

“फळाचं लावलं असतं तर काय बिघडलं असतं?” मी डिवचलं.

“फळाच्या झाडाले लोक फळासाठी इचारतात,” ते म्हणाले. “आमच्या हिले त्याच्यापायीच बाजूले उभी करतात.”

‘ही’ म्हणजे शेवंताकाकू; त्यांना मूल नव्हतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात. ती लेकुरवाळीच्याच हातची हवी, असं बाया म्हणत. म्हणून काकूंच्या स्वतःच्या शेतातही पूजा माझी आई करायची आणि काकू कडेला उभ्या राहायच्या.

बूच मात्र दुष्काळी वर्षं पचवून वाढला. शिवारात दुसरी सावली उरलीच नव्हती. आजूबाजूच्या साऱ्या वेचणाऱ्या बाया भाकरी खायला तिथंच जमू लागल्या.

एका वर्षी सीतादहीही त्याच्याखालीच मांडली. आईने वर पाहिलं, दहीभाताच्या ताटात पडलेली फुलं बाजूला केली आणि ताट उचलून काकूंच्या हातात दिलं.

“शेवंते, सावली तुही हाय. हातबी तुहाच लागू दे.”

काकूंनी बिचकत बायांकडे पाहिलं. एकीने सरकून मधोमध जागा केली. काकूंनी पूजा केली, पहिला कापूस वेचला आणि त्या जागेवर ऐसपैस बसल्या.

काका बाहेर उन्हात उभे होते. मी म्हटलं, सावलीत या.

“राहू दे,” ते म्हणाले. “आज तिले बसून पाहू दे.”

त्यांचे डोळे भरले होते, आणि टोपी ऐटीत तिरपी झाली होती.