भेगमुक्त चिंचोडी

भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या चिंचोडीच्या घरांना भेगा नाहीत, हे गावाला माहीत होते, लातूरच्या कार्यालयाला नव्हते. पंधरा वर्षांनी ही उणीव कार्यालयाच्या लक्षात आली आणि ‘भेगमुक्त गाव’ मोहीम जाहीर झाली. दोनशे बारा घरांच्या मुख्य भिंतीचा प्रत्येकी एक फोटो घ्यायचा. कॅमेरा स्टँडवरून हलवू नये, चौकटीत माणूस, जनावर किंवा देवाची तसबीर नसावी आणि फोटो स्पष्ट असावा, अशा अटी होत्या. काम मिळाले मोहसीनला. त्याचा अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर छोटा स्टुडिओ होता. कॅमेरा मात्र कार्यालयाने दिला. डिजिटल होता, आणि दुकानातला सर्वांत साधा.

पहिले घर साखराबाईचे. भूकंपात जुन्या घराच्या दगडांखालून तिला चार जणांनी ओढून काढले होते. नव्या घरात आल्यापासून ही भिंत ती स्वतःच्या हाताने चुना देऊन जपत होती. मोहसीनने बटण अर्धे दाबले. भिंग कुरकुरत पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. पडद्यावरचा चौकोन लाल झाला. फोटो धुक्यासारखा निघाला.

“काय झालं रं?”

“मावशी, तुमची भिंत लई साफ हाय. ह्याला नजर लावायला कुठंतरी डाग लागतो, रेघ लागती. कोऱ्या जागेवर ह्याची नजर ठरतच न्हाई.”

“सायबागतच हाय म्हण की.”

त्याने तिला भिंतीला टेकून उभे केले. लुगड्याच्या काठावर चौकोन हिरवा झाला. बटण तसेच धरून त्याने तिला बाजूला व्हायला सांगितले आणि फोटो घेतला. लख्ख आला. सहा घरे अशी झाली. सातव्याला ग्रामसेवकाने हरकत घेतली: तपासणीच्या वेळी भिंतीला टेकलेली व्यक्ती हा भिंतीला दिलेला आधार समजण्यात येईल. सहाही फोटो रद्द झाले.

तेव्हा साखराबाईनेच चुलीतला कोळसा आणून आपल्या भिंतीच्या मधोमध वीतभर रेघ ओढली. चौकोन लगेच हिरवा. फोटो निघताच तिने ओल्या फडक्याने रेघ पुसली. मग ती कोळसा आणि फडके घेऊन मोहसीनच्या पुढे घरोघर चालली. नाही म्हणाला फक्त चन्नबसप्पा.

“कालच लिंपून चुना मारलाय. कोळसा लावायचा न्हाई.”

लिंपलेल्या जागी इतके दिवस गावाच्या नजरेआड एक भेग होती आणि भेगेत पालीचे बिऱ्हाड होते. त्याचा फोटो पांढरा धुकट आला, तसाच गेला.

फोटो तपासायला कार्यालयात माणूस नव्हता. लातुरात मात्र क्लासेसची भरभराट होती. त्यातल्याच एका क्लासला काम सोपवले गेले. तिथे मुलांना दोनशे बारा प्रश्नांचा सराव पेपर दिला: भिंतीवर काय दिसते? (अ) भेग (ब) काही नाही (क) वरील दोन्ही (ड) यापैकी नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा. मुले हुशार होती. दोनशे अकरा ‘अ’, एक ‘ब’.

आठवड्यात नोटीस आली. दोनशे अकरा घरे धोकादायक ठरली, त्यांना सील लागले. पुढील व्यवस्था होईपर्यंत ग्रामस्थांनी गावातील एकमेव भेगमुक्त वास्तूत, म्हणजे चन्नबसप्पाच्या घरात, राहावे असा आदेश होता.

साखराबाई आणि मोहसीन लातूरला गेले.

“सायेब, ती भेग न्हवती, कोळसा व्हता. म्याच वढलाय.”

साहेबांनी फाइल चाळली. “सगळ्या भेगा वीतभर, सगळ्या उभ्या, सगळ्या मधोमध. बाई, इतकं सातत्य माणसाच्या हातून होत नसतं.”

“मग येऊन भित बगा की.”

“भिंत हा पुरावा नाही. फोटो पुरावा. आणि पुसली म्हणता? म्हणजे भेग बुजवली. त्याचं कलम वेगळं.”

“साहेब, कॅमेऱ्याचा फोकस...” मोहसीन म्हणाला.

“उत्तरतालिका अंतिम आहे. आक्षेपाची मुदत परवा संपली.”

“नोटीसच काल आली.”

“म्हणूनच सांगतो, आक्षेप वेळेत घेत जा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चन्नबसप्पाच्या घरात मावली तेवढी साठ-सत्तर माणसे दाटीने बसली होती. भिंतीतून बारीक करकर ऐकू आली. बाकीच्यांना ती पाल वाटली. साखराबाईने हा आवाज पूर्वी ऐकला होता.

“भायेर! समदे भायेर व्हा!”

तिने पोरे ओढली, म्हाताऱ्यांना ढकलले, हटून बसलेल्या चन्नबसप्पाला मनगट धरून उंबऱ्याबाहेर काढले. मागे भिंत रिकाम्या जमिनीवर कोसळली. साखराबाई रस्त्यातच बसली. मोहसीनने पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावून धरला.

दिवस मावळायच्या आत तिने दगडाने स्वतःच्या दाराचे सील फोडले. मग सगळ्यांनीच फोडले. दोनशे अकरा कुटुंबांवर धोकादायक घरात बेकायदा राहिल्याचा ठपका आला. चन्नबसप्पाला प्रमाणपत्र मिळाले. ते टांगायला त्याच्याकडे भिंत नव्हती.

साखराबाईच्या भिंतीचा तो रेघेचा फोटो ‘धोकादायक घर’ म्हणून वर्तमानपत्रात छापून आला, तेव्हा तुमचाही जीव हळहळला होता. गावात येऊन भिंत पाहावी असे तुम्हाला वाटले नाही, पण तुम्ही ट्रकभर जुने स्वेटर पाठवलेत. एप्रिलमध्ये. त्यातल्या एकाचीही चेन लागत नव्हती.