उद्धवरावांच्या आग्रहास्तव

‘दैवाचा दरवाजा’ हा सिनेमा भिकार आहे, यावर कारखान्याच्या पॅकिंग खात्यात एकमत होतं. एरवी चहात साखर किती असावी यावरही तिथं दोघांचं पटत नसे. या सिनेमात चौथ्या रिळात मेलेली सासू सहाव्या रिळात डाळ घोटताना दिसते. हत्ती म्हणून जे काही येतं त्याचे पुढचे पाय एकीकडे जातात आणि मागचे दुसरीकडे. अशा सिनेमाची बाजू घेणारा खात्यात एकच माणूस होता, तो म्हणजे उद्धवराव.

“सासू मेली कुठं? तिला मूर्च्छा आली होती,” उद्धवराव म्हणत.

“अहो, जाळली की तिला,” शेजारच्या बाकावरचे लक्ष्मणराव म्हणत. “चिता बघितली मी माझ्या डोळ्यांनी.”

“चिता दाखवली. आत सासू होती असं कुठं दाखवलं?”

खरं सांगायचं तर उद्धवरावांनी सिनेमा धड निम्मासुद्धा पाहिला नव्हता. लग्नानंतर कोरेगावाकडून बिऱ्हाड हलवून ते पिंपरीला आले, त्या हिवाळ्यात पवनेकाठच्या मैदानात मीरासाहेबांच्या फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. उद्धवराव रात्रपाळी करून आलेले. सासू मरायच्या आतच त्यांना बसल्या जागी डुलकी लागली, ती खेळ सुटल्यावर तंबू आवरणाऱ्या पोऱ्याचा पाय लागला तेव्हा उतरली. बाहेर आले तर कनातीपलीकडच्या बायकांच्या बाजूनं कौशल्याबाई येत होत्या आणि त्यांचे डोळे लालबुंद झाले होते.

उद्धवरावांच्या काळजात चर्र झालं. माहेर सुटल्यापासून ही बाई कशात म्हणून रमत नव्हती, आणि पहिल्यांदाच काहीतरी तिच्या मनाला इतकं भिडलं होतं. “चांगला होता, नाही?” त्यांनी विचारलं. “व्हय, लई चांगला,” त्या म्हणाल्या. झालं. त्या दिवसापासून या सिनेमाला कुणी नावं ठेवली की उद्धवरावांना ती आपल्या बायकोलाच ठेवल्यासारखी वाटू लागली. पुढं नळावर याच सिनेमापायी लक्ष्मणरावांच्या इंदुताईंशी तिची जुंपली हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग यंदाच्या हिवाळ्यात लक्ष्मणरावांनी एकदम वेगळाच पेच टाकला.

“बरं, शेवट काय होतो ते तरी सांगा.”

सगळ्यांनी कान टवकारले, कारण शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. हत्ती आल्यावर अर्धा तंबू उठून गेला होता आणि उरलेला सासू डाळ घोटायला लागल्यावर. उद्धवरावांनी घोटभर चहा घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “तो सांगण्यासारखा नाही. बघण्यासारखा आहे. दगडालासुद्धा पाझर फुटेल.”

लक्ष्मणराव संध्याकाळी थेट मीरासाहेबांच्या तंबूवर गेले आणि तो सिनेमा पुन्हा लावायला सांगून आले. त्या जुन्या सिनेमाला पुण्यात कुणी विचारत नव्हतं, त्यामुळं तो मिळायला वेळ लागला नाही. शनिवारी नाक्यावर फळा लागला. फळ्यावर ‘लोकाग्रहास्तव’ हा शब्द कायमचा रंगवलेला असे. त्यातला ‘लोक’ पुसून पेंटरनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘उद्धवरावांच्या खास आग्रहास्तव’. भोंगा लावलेला टांगा चाळीवरून तीनदा गेला आणि तिन्ही वेळा उद्धवरावांचं नाव घेऊन गेला.

उद्धवराव तसेच मीरासाहेबांकडे धावले आणि नाव पुसायची गळ घालू लागले.

“पुसू कसं, उद्धवभाऊ?” मीरासाहेब म्हणाले. “जो भेटतो तो शेवटच विचारतो. तुमच्या नावावर तंबू भरणार हाय.”

“पण शेवट आहे तरी कसा? तुम्ही तर पाहिला असेल.”

“मी रीळ बघतो, भाऊ. सिनेमा कवा बघू?”

आता ताप आल्याचं सोंग घेऊन पडून राहावं, असं ठरवून उद्धवराव घरी आले. पाहतात तो दाराला कडी. कौशल्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पुढची जागा धरायला आधीच तंबूत गेल्या होत्या. उद्धवरावांना स्वतःच्या फजितीचं तितकं वाटत नव्हतं. पण सगळी चाळ खदाखदा हसणार आणि कनातीपलीकडं कौशल्याबाईंना ते ऐकावं लागणार, या विचारानं त्यांना घाम फुटला.

तंबू खच्चून भरला होता. एकच मशीन असल्यामुळं प्रत्येक रीळ संपलं की दिवा लागे, आणि दिवा लागला की सगळा पुरुषवर्ग मान वळवून उद्धवरावांकडे बघे. उद्धवराव तोंडभर हसत. सासू मेली तेव्हा त्यांनी जोरात हळहळून दाखवलं. शेंगदाण्यांच्या दोन पुड्या आणल्या होत्या त्या आजूबाजूला वाटून टाकल्या. हत्ती आला तेव्हा मात्र शेंगदाणे कामी आले नाहीत. हशा असा उसळला की तंबूचे बांबू हलले. कनातीपलीकडूनही हसण्याची लाट आली आणि तिच्यावरून कौशल्याबाईंचा आवाज आला, “गप बसा की, बायांनो. शेवट बघायचाय आमाला.”

त्या आवाजानं उद्धवरावांना जोर चढला. उठून जाणाऱ्यांच्या वाटेत ते दोन्ही हात पसरून उभे राहिले. “थांबा, आता शेवटच आहे,” ते म्हणू लागले. “तो तुम्ही बघा आणि दगडाला सांगा,” म्हणत लक्ष्मणराव त्यांच्या काखेखालून वाकून निघून गेले. सासू डाळ घोटायला बसली तेव्हा तर उरलेसुरलेही गेले. पुरुषांच्या बाजूला उद्धवराव एकटे राहिले. पलीकडं कौशल्या बसून आहे, तेव्हा आपण उठायचं नाही, एवढ्याच निश्चयानं ते खाली बसले.

आणि त्यांनी शेवट पाहिला.

राजपुत्र घर सोडून गेला तेव्हा वाड्याचा दरवाजा उघडणारा एक म्हातारा दरवान होता. तो मधल्या सगळ्या गोंधळात कुठंतरी मागं उभा असे, त्याच्याकडं कुणाचं लक्षही जात नसे. हा परत येईपर्यंत दरवाजा लावायचा नाही, असं त्यानं ठरवलेलं. शेवटी राजपुत्र येतो. म्हाताऱ्याला आता दिसत नसतं. नुसत्या पावलांच्या आवाजावरून तो म्हणतो, “आलास? जेवायचं थांबलेत सगळे.” आणि दरवाजा लावून घेतो. बस, एवढंच.

कोरेगावाहून निघताना दारात उभे राहिलेले आपले वडील उद्धवरावांना आठवले. ते हमसून हमसून रडले. दिवा लागला, मीरासाहेब रीळ गुंडाळू लागले, तरी त्यांचं रडणं थांबेना.

बाहेर कौशल्याबाई उभ्या होत्या. त्यांचेही डोळे लाल होते. उद्धवरावांना भरून आलं. ते म्हणाले, “तुझं खरं होतं. शेवट काय आहे गं.”

“माजं?” कौशल्याबाई म्हणाल्या. “माजं कशाचं? मला कुटं आवडतोय ह्यो शिनिमा? तुमाला आवडतोय म्हनून मी इतकी वर्सं त्या इंदुताईसंगं भांडते हाय.”

“मग त्या वेळी रडून डोळे लाल झाले होते ते?”

“झोपले हुते की. पहाटंपासनं दळत हुते त्या दिवशी. आन् तुमचंच डोळं लाल बघून मला वाटलं, ह्यांना गावाकडचं कायतरी आठवलं. म्हनून म्हटलं लई चांगला हाय.”

“मीही झोपलो होतो,” उद्धवराव हळूच म्हणाले.

दोघं एकदम हसत सुटले. रस्त्याकडेला बसून पोट धरून हसले. हसता हसता उद्धवरावांनी विचारलं, “आणि आज? आज तरी शेवट पाहिलास?”

“सासू उठून बसल्यावर माजा डोळा लागला,” त्या ओशाळून म्हणाल्या.

उद्धवराव गंभीर झाले. “पण कौशल्ये, आता पंचाईत झाली. मला तो खरंच आवडलाय.”

कौशल्याबाई लुगडं झटकून उठल्या. आता तुझी सुटका, यापुढं मनात येईल ते खुशाल बोल, असं उद्धवरावांनीच त्यांना घरी पोचेपर्यंत समजावून सांगितलं. सांगताना मात्र त्यांना जरा एकटं एकटं वाटलं.

सकाळी ते खिडकीशी दाढीला बसले होते. खाली नळावर इंदुताईंचा आवाज आला. “आता तरी कबूल करा, कौशल्याबाई. कसला तो घाणेरडा सिनेमा.”

उद्धवरावांचा वस्तरा गालावरच थांबला. खाली बादली भरत असल्याचा आवाज येत राहिला.

“शेवटाला थांबला हुता का तुमी?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“नाही बाई, कोण थांबतंय.”

“मंग बोलू नगा,” कौशल्याबाई ठणकावून म्हणाल्या. “शेवट बघावा लागतो.”

उद्धवरावांनी वस्तरा खाली ठेवला. असं हसू येत असताना दाढी करणं धोक्याचं असतं.