साहेबांचं वायफळ

दारावरच्या बेल बनवणाऱ्या त्या कारखान्यात ‘वायबुल’ हा शब्द नीट उच्चारणारा एकच माणूस होता आणि तोच अजून कायम झालेला नव्हता. काहीही विचारलं की तो "संभव आहे" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला संभवच म्हणत. वस्तू कधी बंद पडेल याचा अंदाज बांधायचं गणित म्हणजे वायबुल. ते संभव कॉम्प्युटरवर करायचा. साहेब मात्र त्याला पहिल्या दिवसापासून ‘वायफळ’ म्हणत आले होते.

"काय म्हणतंय तुमचं वायफळ?" साहेबांनी विचारलं.

चाचणीच्या खोलीत यंत्राने शंभर बेल दोन लाख वेळा, म्हणजे पाच वर्षांत दाबल्या जातील तितक्या, दाबून झाल्या होत्या. कोणती कितव्या दाबाला गेली आणि कोणती शेवटपर्यंत वाजली, हे संभवने कॉम्प्युटरला सांगितलं होतं. वाजतेय तिच्यापुढे एक, बंद पडली तिच्यापुढे शून्य. किती बेल जिवंत हे दाखवणारी पडद्यावरची रेघ दोन लाखांपर्यंत आडवी चालत गेली आणि तिथे धाडकन खाली आली. शंभरजणींनी ठरवून एकदम जीव द्यावा, हे त्यालाही जरा खटकलं.

"म्हणजे दोन लाखांच्या आत एकही मरत नाही?"

"संभव आहे," संभव म्हणाला.

"वा! पेट्यांवर छापून टाका, पाच वर्षं हमी! आणि महिनाअखेरीस तुम्ही कायम!"

‘कायम’ हा शब्द कानावर पडल्यावर खटकलेलं गिळायला कितीसा वेळ लागतो? बिचाऱ्याने गिळलं आणि ही बातमी बायकोला कधी सांगतो, असं त्याला झालं.

घरी येऊन त्याने आज ऐटीत पुढच्या दाराची बेल दाबली. कारखान्याचीच होती, नोकरी लागली तेव्हा मिळालेली. पुन्हा दाबली. शेवटी दार बडवलं.

"अगं, कधीचा बेल वाजवतोय!"

"ती होय? ती लावल्यावर तिसऱ्या दिवशीच गेली. तुम्ही मागच्या दारानं येता, कळायचं कसं? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"तिसऱ्या दिवशी? शक्यच नाही!" आयुष्यात पहिल्यांदाच तो छातीठोकपणे बोलला.

"मग बसा दाबत," बायको म्हणाली आणि आत गेली.

सकाळी कारखान्यात पोचताच त्याने सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका उघडली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. स्विचवर एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. त्याच सवयीने तो आकडे भरून बसला होता. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र एक म्हणजे मेली आणि शून्य म्हणजे अजून जिवंत. त्याने जिवंतांना मारलं होतं आणि मेलेल्यांना जगवलं होतं. आकडे उलटे करून त्याने रेघ पुन्हा काढली आणि कायम होण्यावर पाणी सोडून साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, चूक माझी आहे. काही बेल पहिल्या आठवड्यातच मान टाकतात."

"अहो, पेट्या छापून आल्या!" साहेब खुर्चीत कोसळले. "आणि उरलेल्या?"

"त्या तगल्या की तगल्या. जितक्या जुन्या तितक्या चिवट. इथेच आठवडाभर वाजवून घेतल्या तर..."

"तर पाच वर्षं टिकणं संभव आहे?"

"टिकतीलच, साहेब."

साहेब खुर्चीत सरळ बसले. "बरं. मरायच्या त्या इथेच मरू देत, गिऱ्हाइकाच्या दारात नकोत. तुम्ही कायम. फक्त टेबल त्या खोलीत हलवा. वायफळ तुमचं, आवाजही तुम्हीच ऐका."

संभव कायम झाला. पाचशे बेलच्या गजरात तो दिवसभर बसू लागला आणि घरी नवी, वाजवून घेतलेली बेल लागली. एका संध्याकाळी ती वाजली. संभव डोळे मिटून खुर्चीत पडला होता. पुन्हा वाजली, मग वाजतच राहिली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"शून्य! अजून जिवंत," तो आतूनच मोठ्याने म्हणाला.

"अहो, शून्य काय!" बाहेरून बायको ओरडली. "दोन्ही हातांत पिशव्या आहेत, कोपरानं बेल दाबतेय मी! दार उघडा!"