सत्तारभाईंची बिनतबकडीची कव्हरं

आमच्या पाटोद्याचे सत्तारभाई पेंटर गाण्यांच्या जुन्या तबकड्या कव्हरासाठी विकत घेतात आणि आतली तबकडी भंगारवाल्याला तिथंच परत देतात. "ही काळी थाळी तुलाच ठिव बे, मला काय करायची?" भंगारवाला हल्ली त्यांना गिऱ्हाईक कमी आणि पेशंट जास्त समजतो.

कव्हर हवं ते त्यावरच्या हातानं काढलेल्या अक्षरांसाठी. "अक्षर बघा सर, अक्षर! हिरोइनीचा फोटू काय, कुनीबी छापतंय." दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. फ्लेक्स आले, काम गेलं, खोड राहिली. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर भर चौकात उभं राहून ते म्हणतात, "साहेब हसायलेत, पर अक्षराला ताप आलाय." माझ्या मुलीची लग्नपत्रिका हातात घेऊन ते 'श्री'च्या वेलांटीवर इतका वेळ हळहळले, की तारीख वाचायची राहिली. आहेर घेऊन आले ते दुसऱ्या दिवशी. मांडववाला बांबू उपसत होता.

त्यांचं सगळ्यात लाडकं कव्हर मात्र वाळवीनं खाल्लं. घरात सुतक असल्यासारखे बसून होते. मी शेजारधर्म म्हणून शहरातून तेच कव्हर, संगणकाच्या अक्षरांत नव्यानं छापलेलं, शोधून आणलं. त्यांनी ते उन्हात धरलं.

"सर, ही अक्षरं पोलिसावानी उभी हायेत. ही कशी गातील?"

मी चिडलोच. "गायला घरात तबकडी तरी आहे का तुमच्या?"

त्यांनी आतून बायकोला, जुबेदाभाभींना, हातानं खुणावून बोलावलं. तापात भाभींचे कान गेले, हे गल्लीला ठाऊक. त्याआधी त्यांच्या गाण्याशिवाय मोहल्ल्यात हळद लागत नसे, हेही ठाऊक. त्याचा या कव्हरांशी काही संबंध असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

भाभींनी कव्हर पाहिलं, उलटसुलट केलं आणि नाही अशी मान हलवून परत दिलं. सत्तारभाईंचा चेहरा उतरला. "हे गानं बी गेलं का काय आता?" ते पुटपुटले.

मग त्यांनी कव्हर फळीवर पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, आठवेल तसा, जुन्या अक्षरांत मुखडा काढला. पहिलं अक्षर गुबगुबीत, मधली झोके घेणारी, शेवटच्याला लांबच लांब शेपूट. ओल्या रंगाला लागणार नाही असं बोट फिरवत भाभी गाऊ लागल्या. झोक्यावर आवाज झुलला, शेपटीवर लांबला. सूर जरा इकडंतिकडं होत होता. अख्ख्या पाटोद्याच्या चुका काढणारा माणूस डोळे पुसत ऐकत होता.

भाभींचं बोट कव्हराच्या काठाशी पोचलं. त्यांचा सूर अजून संपला नव्हता. सत्तारभाईंनी घाईनं ब्रश बुडवला आणि ती शेपटी तशीच पुढं फळीवर ओढत नेली.