तळ्याचा मुक्काम

मोरझिरा तळ्याकाठी दोन रात्री तंबू ठोकून राहायचं असेल, तर आधी ते तळं दोन रात्री आपल्या घरी राहून जातं. जंगलखात्याचा हा नियम जुना आहे आणि त्यात न पटण्यासारखं काही नाही. ज्याला आपण कधी घरी बोलावलं नाही, त्याच्या दारात अंथरूण-पांघरूण घेऊन कोणत्या तोंडाने जायचं?

शाल्मलीलाही नियम पटलेला होता. तिला जायचंच नव्हतं, ती गोष्ट वेगळी. अर्ज तिच्या नवऱ्याने, भूषणने, भरला होता. तो कॉलेजात भूगोल शिकवायचा, आणि आपल्या मुलीने जंगलातलं तळं फक्त नकाशावर पाहावं हे त्याला लाजिरवाणं वाटायचं. अर्जात माणसं किती, मजला कितवा, हॉलचा उतार कोणत्या बाजूला, असं सगळं त्याने नीट लिहिलं. शाल्मलीने फक्त शेवटचं कलम दोनदा वाचलं. ‘घर न आवडल्यास तळे परवानगी नाकारू शकते. कारण दिले जाणार नाही.’ त्या कलमावर तिचा सगळा भरवसा होता.

नऊ वर्षांची असताना मामाच्या विहिरीत पायरीवरून तिचा पाय घसरला होता. मामाने वेणी धरून ओढून काढलं. त्यानंतर ती घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही, आणि केसही तिने कधी कापले नाहीत. पाच वर्षांच्या गार्गीचे केसही ती कापू देत नसे. शाळेतून उवांच्या तक्रारी येत, त्या ती निमूट ऐकून घेई. हा शहाणपणा नव्हे, हे तिला कळत होतं. पण कळून उपयोग होतोच असं नाही.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता तळं आलं. सोबत वनरक्षक बाबुलाल कासदेकर होते. लिफ्ट चार माणसांची असल्यामुळे तळं जिन्याने आलं. एकेक पायरी भरत, वळणावर दम खात ते दुसऱ्या मजल्यावर पोचलं. दार उघडल्यावर ते उंबऱ्याबाहेर थांबलं.

“या ना, या,” शाल्मली म्हणाली. “घर शोधायला त्रास नाही ना झाला?”

“नाई, ताई,” कासदेकरांनी तळ्याच्या वतीने सांगितलं. “गाडगेनगरात एकदा येऊन गेलं हाय ते.”

तळ्याचं क्षेत्र चौदा एकर होतं आणि हॉल बारा बाय सोळाचा. पण पाहुणा आला की जागा होतेच. तळं खिडकीपासून शोकेसपर्यंत बसलं, सोफ्याचे पाय तेवढे भिजले. मधोमध, जिथे टीपॉय होता, तिथे खोली अठरा हात होती. कासदेकरांनी ती दोरीने मोजून वहीत टिपली. घर बदललं तरी खोली बदलू नये, असा दंडक होता.

शाल्मलीने ठरवलं होतं, पाहुणचार जेमतेम करायचा. पोह्यांत शेंगदाणे घालायचे नाहीत, कोथिंबीर तर नाहीच. प्रत्यक्षात तिने शेंगदाणे तळून घातले, वरून ओलं खोबरं पेरलं, आणि लिंबाची फोड ठेवताना तिला स्वतःचाच राग आला. वाईट वागायलाही सराव लागतो.

“तळं काही घेईल?” तिने विचारलं.

“घेत नाई. पण विचारा. विचारलं नाई तं मनाला लावून घेते.”

तिने विचारलं. तळ्यावर एक बारीक लाट उठली आणि विरली. ती नको म्हणण्याची रीत असावी.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी वानखडे काका वही घेऊन आले. ते दारातूनच आत डोकावले.

“काहून हो, पाहुण्याची नोंद नाई केली?”

“करणारच होते, काका.”

“गाडी नंबर?”

“पायी आलंय.”

वानखड्यांनी ‘पायी’ असं लिहिलं. मग वही काखेत मारून ते म्हणाले, “वा! आम्हाला तीन दिवसाआड नळ येते, अन् तुमच्या घरी अख्खं तळं मुक्कामाला! दोन बकेटा मिळतील का?”

कासदेकर पोह्यांची बशी खाली ठेवून उभे राहिले. “दुसऱ्याच्या घरच्या पाहुण्याच्या अंगाला हात लावता काय, साहेब?”

“नाई, म्हटलं आपलं, विचारून पाहावं,” असं म्हणत वानखडे काका जिना उतरले.

खरी पंचाईत गार्गीची होती. नाताळची सुट्टी असल्यामुळे ती दिवसभर घरी. सोफ्याच्या हातावर बसून ती तळ्याला चित्रं दाखवायची, बालवाडीतली भांडणं सांगायची. तळं ऐकून घ्यायचं. शाल्मली स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी हाक मारायची, आणि गार्गी दर वेळी म्हणायची, “आई, मी बुडले नाहीये अजून.”

शेवटी शाल्मलीने रांगोळीचा डबा काढला आणि तळ्याच्या कडेने एक रेघ ओढली. “या रेघेच्या पलीकडे जायचं नाही,” तिने गार्गीला बजावलं.

संध्याकाळी भूषण कॉलेजातून आला, तेव्हा त्याने रेघ पाहिली आणि तळंही पाहिलं. तळं रेघेपासून चार बोटं मागे सरकून बसलं होतं. रेघ आपल्यासाठीच आहे, असं तळ्याला वाटलं होतं.

भूषण बूट काढून आत निघून गेला. तो काही बोलला असता तर शाल्मलीला भांडता आलं असतं. तिने ओलं फडकं आणून रेघ पुसली. पुसताना तळ्याकडे बघायचा धीर तिला झाला नाही.

शनिवारी सकाळी मुक्काम संपला. कासदेकरांनी पिशवी खांद्याला अडकवली. तळं शोकेसपाशी हललं आणि उठलं. पाहुणा दाराशी आलेला, घरात एकदम शांतता पसरलेली. त्या शांततेत शाल्मलीच्या तोंडून निघून गेलं, “इतक्यात काय निघालात? राहा की अजून दोन दिवस!”

आजवर प्रत्येक पाहुण्याला ती हे म्हणाली होती. तिची आई म्हणायची, सासू म्हणायची. आणि आजवर एकही पाहुणा राहिला नव्हता. ‘नको नको, पुन्हा येऊ’ असं म्हणून चपला घालायच्या असतात, हे ज्याला त्याला ठाऊक असतं.

तळं पुन्हा खिडकीपासून शोकेसपर्यंत बसलं.

कासदेकरांनी डोळे मिटले. “ताई, त्याला असं बोलायचं नसते. ते खरं समजते.”

“अहो, पण ते नुसतं म्हणायचं असतं!”

“जंगलात नुसतं म्हणत नाई कोणी.” त्यांनी वहीत दोनाचे चार केले. जितक्या रात्री तळ्याने इथे काढल्या, तितक्या या कुटुंबाने तिथे काढायच्या, हे अर्थात नियमातच होतं.

“चार रात्री,” भूषण म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. “आणि तू एकीला तयार नव्हतीस.”

सोमवारी शाल्मलीने दातांवर दात घट्ट धरले. निरोपाच्या वेळी ती चकार शब्द बोलली नाही. तळं उंबऱ्यापर्यंत गेलं. तेवढ्यात गार्गी आतून धावत आली आणि म्हणाली, “जाऊ नकोस ना, मी अजून तुला माझी सायकल नाही दाखवली!”

“लेकरू घरातलंच हाय ना?” कासदेकरांनी विचारलं.

“घरातलंच आहे,” शाल्मली म्हणाली. चाराचे सहा झाले.

मंगळवारी दुपारी मोरझिऱ्याहून कासदेकरांना फोन आला. ते गॅलरीत उभं राहून बराच वेळ ऐकत होते. आत आले तेव्हा त्यांनी आधी पाणी मागून घेतलं.

“तळ्याच्या जागी बगळे उभे हायेत,” ते म्हणाले. “चिखल बी वाळला आता. तरी उभे हायेत. अस्वल रोज येते. पाहते, अन् काठावर बसून राहते. काल पिल्लं घेऊन आलं होतं.”

शाल्मलीच्या हातात कणीक होती. ती तशीच राहिली.

“अन् दुसरं. उद्या दिवस मावळायच्या आत तळं घरी गेलं नाई, तं साहेब लोक त्याचा पत्ता बदलतात. कायमचा. दुसरा मजला, फ्लॅट नंबर सहा.”

“मग त्यांना सांगा ना जायला!”

“मी कोण सांगणार? ज्याच्या तोंडून ‘राहा’ निघालं, त्यानंच निरोप द्यायचा असते.”

त्या दुपारी शाल्मलीने बराच विचार केला. नाही जमलं, तर अठरा हात खोल पाणी आयुष्यभर तिच्या हॉलमध्ये राहणार होतं, आणि त्याच्या काठावर गार्गी मोठी होणार होती. आणि तिकडे एक अस्वल पिल्लांना घेऊन कोरड्या खड्ड्याकडे बघत बसणार होतं. ते पिल्लांना काय सांगत असेल, हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त छळत राहिला. येईल, बसा जरा, असंच काहीतरी. तीही तेच म्हणाली असती.

बुधवारी सकाळी सहाला तिने तळ्याच्या काठावर चमचाभर दही ठेवलं. ‘निघा’ हा शब्द तिच्या घराण्यात कोणी पाहुण्याला उच्चारला नव्हता. तिने तो दोनदा गिळला.

“तुमची घरी वाट बघतायत,” ती म्हणाली. “निघायला हवं.”

तळं उठलं. दाराशी मात्र थांबलं.

“थोडं पोचवायला या, ताई,” कासदेकर हलक्या आवाजात म्हणाले. “दारातूनच वळलात तं ते परत बसते.”

पोचवायला जाणं शाल्मलीला कळत होतं. ती जिन्यापर्यंत गेली. मग फाटकापर्यंत. पाहुणा गाडीत बसेपर्यंत माणसाने मागे फिरू नये, पण तळं कुठल्याच गाडीत बसणार नव्हतं. ते परतवाड्याच्या रस्त्याला लागलं, डाव्या बाजूने, शिस्तीत. म्हणून तिघं कासदेकरांसह गाडीत बसून त्याच्या मागोमाग निघाले. जातोच आहोत तर असू दे, म्हणून भूषणने तंबू, स्टोव्ह आणि हाताला लागला तो शिधा डिकीत टाकला.

तळं उताराला झपझप चालायचं, चढाला दमाने. दर फाट्यावर शाल्मली उतरायची आणि म्हणायची, “बरं मग.” तळं थांबायचं, थोडं हलायचं, आणि ती पुन्हा गाडीत बसायची. घाटात तिने ‘बरं मग’ म्हणायचं सोडून दिलं.

चार वाजता ते पोचले. डोंगरांच्या मध्ये एक मोठा खळगा होता, भेगा पडलेला. त्यात अकरा बगळे उभे होते. गार्गीने मोजले. समोरच्या झाडीत काहीतरी काळं बसलेलं होतं, ते हललं नाही.

तळं काठावर येऊन थांबलं.

“आता काय?” भूषणने विचारलं.

“घरापर्यंत आणलं,” कासदेकर म्हणाले. “आता आत नेऊन बसवून द्या, ताई. मग झालं.”

शाल्मलीने खळग्याकडे पाहिलं. मग गार्गीला भूषणकडे द्यावं म्हणून ती वळली, पण गार्गीने तिचं बोट धरलेलं होतं आणि ती आधीच उतरायला लागली होती. “चल ना,” ती तळ्याला म्हणत होती, “हे तुझंच आहे.”

दोघी उतरत गेल्या. तळं मागून येत होतं. शाल्मली ते ऐकत होती. मधोमध, जिथे जमीन सगळ्यात खोल होती, तिथे ती उभी राहिली, कारण पाहुण्याला दारातल्या दारात बसवत नाहीत. तिने गार्गीला कडेवर घेतलं.

“बसा,” ती म्हणाली.

पाणी घोट्याला लागलं. मग गुडघ्याला. ते तिच्या घरात सहा दिवस राहिलेलंच पाणी होतं, तितकंच गार, सोफ्याच्या पायांना यायचा तोच वास. कमरेपर्यंत आलं तेव्हा तिने डोळे मिटले. छातीपर्यंत आलं आणि थांबलं. तिने डोळे उघडले. चारी बाजूंना तळं चौदा एकर पसरलं होतं, अठरा हात खोल, आणि ती होती तेवढ्या जागी छातीइतकं होतं. बगळ्यांनी एकेक पाय बदलला आणि ते कामाला लागले.

कासदेकरांनी काठावरून वहीत लिहिलं, ते त्यांनी मोठ्याने वाचलंही. “तळे पोचले. कुटुंब हजर. माणसं तीन, रात्री सहा.”

भूषण तंबूचे खुंट ठोकायला लागला होता.

“आई, मला खाली सोड ना,” गार्गी म्हणाली.

शाल्मलीने तिला अजून घट्ट धरलं. नंतर थोडं कमी घट्ट. स्टोव्ह अजून डिकीतच होता, उजेड तासाभराचा उरला होता, आणि भूषणला स्टोव्ह पेटवता येत नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

“जरा हिला धरता का?” तिने तळ्याला विचारलं. “मी एवढं भाताचं बघून येते.”

एक बारीक लाट उठली. ही नको म्हणण्याची नव्हती. शाल्मलीने हात सैल केले, तळ्याने गार्गीला धरलं, आणि ती छातीइतक्या पाण्यातून चालत काठाकडे निघाली. अर्ध्या वाटेवर तिला आठवलं की तांदूळ घरीच राहिलेत. आता शेवयांवर भागवावं लागणार होतं.